'निर्वाताचा शिल्पकार' कोणत्या टेबलावर

१० नोव्हेंबर, रविवार
स्वखर्च लेखक मंडळाच्या सभेला गेलो. नावातच दारिद्र्य आहे. तरी गेलो, कारण माझ्या 'निर्वाताचा शिल्पकार' या कादंबरीचे गठ्ठे दिवाणाखाली आहेत आणि तिथला केर निघत नाही, अशी कौशल्याची तक्रार आहे. कौशल्या म्हणजे पत्नी. तिने कादंबरी अजून वाचलेली नाही. प्रत वर्षभर टीव्हीशेजारी पडून आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. तिची कुवत बेताची. हे मी कादंबरीत सूचकपणे मांडलं आहे, म्हणून तर तिने ती वाचायला हवी.

सभा कॅम्पात, हुस्नबानूंच्या मॅचिंग सेंटरच्या माळ्यावर. खाली ब्लाउजपीस आणि अस्तर, वर साहित्य. हुस्नबानू दुकान सांभाळून रहस्यकथा लिहितात. बापूराव भुतांच्या गोष्टी लिहितात. त्यांची सगळी भुतं खडकवासल्याच्या धरणातून वर येतात, ओली. फैझल आयटीत आहे, तो मंगळावर लिहितो. बाकीच्यांची नावं लक्षात ठेवली नाहीत.

मी या लोकांत का बसत नाही, हे त्यांच्यात बसून सविस्तर सांगितलं. बापूरावांना डुलकी लागली. वय झालं त्यांचं.

चहा बरा होता.

१७ नोव्हेंबर, रविवार
पुन्हा गेलो. डिसेंबरात पुस्तक प्रदर्शन आहे, मंडळाचा एकच स्टॉल. यांची एक विचित्र पद्धत आहे. कोणी स्वतःचं पुस्तक विकायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याचं पुस्तक पूर्ण वाचायचं आणि विकायचं. ते कोणत्या टेबलावर ठेवायचं तेही विकणाऱ्यानेच ठरवायचं. टेबलं चार: रहस्य, भय, प्रेम, विज्ञान.

कारण विचारलं. हुस्नबानू म्हणाल्या, लेखक स्वतः उभा राहिला की गिऱ्हाइकाला सोडत नाही, आणि सुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

मी स्पष्ट सांगितलं, माझ्या पुस्तकाला प्रकार नाही. ते साहित्य आहे, त्यासाठी पाचवं टेबल लावा. त्या म्हणाल्या, विक्रमराव, गिऱ्हाईक आधी विचारतं कशावरचं आहे. मी म्हटलं, निर्वातावरचं. त्या म्हणाल्या, म्हणजे रिकामं का. फैझल हसला. मंगळावरचा माणूस.

चिठ्ठीत मला हुस्नबानूंचं पुस्तक आलं, त्यांना माझं. त्यांचं नशीब मोठं. वाचून झालं की पाचवं टेबल त्या स्वतःच उचलून आणतील.

२१ नोव्हेंबर
हुस्नबानूंचं पुस्तक वाचायला घेतलं. रहस्यकथा पहिल्यापासून वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे. थेट शेवटचं पान पाहिलं. खुनी कंपाउंडर. झालं. एवढ्यावर दर्जा कळतो. खडकीच्या फॅक्टरीत स्टोअर्समध्ये आयुष्य गेलं माझं, खोक्याचं झाकण उघडलं की आतला माल समजतो.

कौशल्याला सांगितलं की एक एम.ए. झालेली बाई माझी कादंबरी वाचते आहे. (हुस्नबानू एम.ए. आहेत. मी त्यांना दुकानदार म्हटल्यावर त्यांनी सांगितलं.) कौशल्या म्हणाली, बिचारी. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

संकल्प: प्रदर्शनापर्यंत दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना लिहून काढणे.

१ डिसेंबर
प्रस्तावना सुरू केली नाही. कात्रजच्या या सोसायटीत कुकरच्या शिट्ट्यांमुळे चिंतन होत नाही. कौशल्याला कुकर बंद ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. मग जेवायला उशीर झाला आणि त्यात दिवस गेला.

१४ डिसेंबर, शनिवार
प्रदर्शनाचा पहिला दिवस.

माझ्याकडून एकही प्रत गेली नाही, याला हुस्नबानूंचं लेखन जबाबदार आहे. लोक विचारत, काय आहे यात. मी प्रामाणिकपणे सांगत होतो, खून आहे, कंपाउंडरने केलेला. वाचकाचे दोन दिवस वाचवले की त्याने आभार मानावेत. एक गृहस्थ पैसे काढत होते, ते पाकीट खिशात घालून म्हणाले, अहो काका, हे सांगायला इथे बसवलंय का तुम्हाला. पुणेरी वाचक. सत्य पचत नाही.

पण स्टॉलच्या दुसऱ्या टोकाला 'निर्वाताचा शिल्पकार' जात होता. डोळ्यांनी पाहिलं. नियमामुळे जवळ जाता येत नव्हतं. बायका घेत होत्या, बहुतेक तरुण. एकीने एक पान मैत्रिणीला वाचून दाखवलं, मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. आणखी एकजण वाचता वाचता खुर्चीत बसली. मराठी वाचक प्रगल्भ झाला आहे, हे मी आजच्या तारखेने नोंदवून ठेवतो.

कौशल्याला सांगितलं. बायका घेतायत, असं दोनदा सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, कोणत्या बायका.

१५ डिसेंबर, रविवार
सकाळी लवकर पोचलो, स्टॉलवर कोणी नव्हतं. माझं पुस्तक कोणत्या टेबलावर आहे ते पाहिलं.

भय.

बापूरावांच्या ओल्या भुतांशेजारी. वर हुस्नबानूंच्या अक्षरात पुठ्ठा: 'कौटुंबिक भयकथा. नवराच सांगतो, आणि त्याला माहीतच नाही.'

हुस्नबानू आल्या तेव्हा जाब विचारला. शांतपणे म्हणाल्या, सगळं वाचलंय मी, एकही पान न गाळता. तुमच्या नायकाची, प्रज्ञेशची, बायको तापाने फणफणलीय आणि तो तिला अख्खं प्रकरणभर पोकळीचं स्वरूप समजावतो. मध्येच चहा मागतो. ती उठून करते. त्यावर तो लिहितो, हिला माझी वेदना कधी कळली नाही. विक्रमराव, मी पुस्तक मिटलं आणि माझ्या नवऱ्याला, रहीमला, विचारलं, तू असा नाहीस ना रे.

मी म्हटलं, ती व्यक्तिरेखा नाही, प्रतीक आहे. म्हणून तर तिला नाव नाही, सबंध कादंबरीत ती फक्त 'ती' आहे. त्या म्हणाल्या, तेच तर. तिथे माझ्या अंगावर काटा आला.

बापूराव जवळच होते. म्हणाले, माझ्या पुस्तकात सात भुतं आहेत हो, एकालाही कोणी घाबरत नाही. तुम्हाला जमतं कसं. त्यांचे डोळे भरले होते. मत्सर.

दुपारी अपेक्षा नावाची मुलगी सही घ्यायला आली. गळ्यात कंपनीचं कार्ड. विचारलं, सर, एकच सांगा, शेवटी ती सुटते का. मी म्हटलं, सुटायचं काय त्यात, ती घरीच असते. म्हणाली, बापरे, सर, खूप डार्क आहे हे. मग म्हणाली, पार्ट टूमध्ये तिला बाहेर काढा, आमचा अख्खा ग्रुप घेईल.

सही केली. रागाने केली.

संध्याकाळी हुस्नबानूंच्या कानावर कंपाउंडर गेला. पाकीटवाल्या गृहस्थांनीच सांगितलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या, पुढल्या सभेला आला नाहीत तरी चालेल, चहा वाचेल.

मंडळ सोडायचं मी आधीच ठरवलं होतं. इथे लिहायचं राहून गेलं.

१७ डिसेंबर
नवा प्रश्न. कौशल्याने वाचायला नको आहे.

वाचायला ती लायक नाही, हे कारण नाही. ती साधी आहे, लोकांच्या बोलण्यात येते. पुठ्ठ्यावरचं वाक्य कोणी तिच्या कानात घातलं तर तिला उगाच काहीतरी वाटेल. टीव्हीशेजारची प्रत उचलून कपाटात माझ्या सफारीखाली ठेवली. तिने विचारलं नाही. वर्षभर तिथे असलेली वस्तू गेली तरी लक्षात येत नाही, यावरून तिचं निरीक्षण कळतं.

१९ डिसेंबर
खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई भिशीच्या निमित्ताने आल्या. पिशवीतून 'निर्वाताचा शिल्पकार' काढला. प्रदर्शनात घेतला म्हणे. कौशल्याला म्हणाल्या, हे वाच, आणि मग मला फोन कर. माझ्याकडे पाहून नमस्कारसुद्धा केला नाही. एरवी भाऊजी भाऊजी करतात.

मी म्हटलं, कौशल्या, अवघड आहे ते, तुला झेपायचं नाही. ती म्हणाली, बघते.

२३ डिसेंबर
ती वाचते आहे. दुपारी भांडी आवरली की गॅलरीत बसते. मी समोर पेपर धरून तिचा चेहरा पाहतो. काही दिसत नाही. एकदाच हसली. कोणत्या पानावर ते कळावं म्हणून पाणी प्यायच्या मिषाने मागून गेलो. प्रज्ञेशने आत्महत्येचा विचार करून पुरणपोळी मागितल्याचा प्रसंग. तिथे हसू येण्यासारखं काही नाही.

तापाचं प्रकरण कालच गेलं असणार. काल तिने काहीच म्हटलं नाही. मला एकदम आठवलं की तो ताप मी कल्पनेने लिहिलेला नाही. कौशल्याला डेंग्यू झाला होता. अर्थात सर्जनशील लेखक वास्तवातून घेतोच.

संकल्प: ती विचारेल तेव्हा हे उत्तर द्यायचं. तयार आहे.

२६ डिसेंबर
विचारलं नाही.

चहा करून आणला, तेव्हा मीच पोकळीबद्दल काहीतरी म्हणालो. तिने कप ठेवला आणि आत गेली. वाक्य अर्धं राहिलं. असं पूर्वी झालेलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार
हुस्नबानूंचा फोन. मला वाटलं माफी मागायला, म्हणून तीनदा वाजू दिला. म्हणाल्या, कौशल्याताईंना द्या.

ती गॅलरीत जाऊन बोलली. हसली. एरवी कोणाशी इतकं हसते ही.

उद्याच्या सभेत माझ्या कादंबरीवर चर्चा आहे. अपेक्षाचा अख्खा ग्रुप येणार. सुशीलाबाईंनी मंडळात कळवलं की 'ती' आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, तेव्हा सगळ्यांना तिच्याकडून ऐकायचं आहे, तो एवढं बोलत असताना ती काय विचार करत होती. कौशल्याने हो सांगितलं आहे. मला विचारलं नाही.

लेखक म्हणून माझी उपस्थिती आवश्यक आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, हुस्नबानू म्हणाल्या तुम्हाला आणू नका.

मग मी विचारलं. लेखकाने विचारू नये, पण विचारलं. वाचलंस ना, कसं वाटलं.

तिने उद्याची साडी कपाटातून काढली. मग म्हणाली, अहो, त्या सगळ्यांना भीती वाटली म्हणे. मला नाही वाटली. मला सवय आहे.

२९ डिसेंबर, रविवार
कौशल्या दहाच्या बसने सुशीलाबाईंबरोबर गेली. चांगली साडी. पोळ्या डब्यात आहेत.

सभा केव्हाच संपायला हवी होती. ती नेमकं काय बोलली असेल याचे काही अंदाज बांधले, ते लिहीत नाही. मंडळाची साहित्यिक समज पाहता चर्चा उथळच झाली असणार.

मात्र आज इतक्या शांततेत प्रज्ञेशच्या एकाकीपणाविषयी एक पूर्णपणे नवा विचार सुचला, आतापर्यंतच्या सगळ्या कादंबरीपेक्षा खोल. सांगायला स्वयंपाकघराकडे वळलो, निम्मं वाक्य बोलूनही झालं होतं.

तिथे कोणी नव्हतं. वाक्य विसरलो.