छातीचं दुखणं

४ मार्च
हे जाऊन आज तेवीस दिवस. उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत दिल्या. दुपारी भावजी जेवायला. म्हणाले, "वहिनी, तुमच्या तेलानेच दादाचं हृदय गेलं." मी आणखी भाजी वाढली. तेलाचीच.

यांनी सगळ्यांना 'छातीचं दुखणं' सांगितलं होतं. खोटं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी हृदय धरलं, यांनी धरू दिलं. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला हे सांगायची लाज. मलाही शपथ घातली होती.

७ मार्च
यांची दवाखान्याची फाइल आवरली. पहिल्या दिवशीचा फॉर्म बायकांचाच होता — दुसरा त्यांच्याकडे नव्हता. 'शेवटची पाळी कधी?' यांनी लिहिलंय, 'चौथीत, फळा पुसायची.' मी एकटीच हसले.

ऑपरेशननंतरच्या गोळ्याही बायकांना देतात त्याच. अंगातून वाफा निघायच्या. म्हणाले, "तू पन्नाशीत पंख्यावरून का भांडायचीस ते आज कळलं."

फाइलच्या तळाशी डॉक्टरांची चिठ्ठी — रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं, पुरुषांनीही. हे म्हणाले होते, "मी गेल्यावर बघू." गेले. आता बघायचं मी. रक्ताचं नातं म्हणजे एकटे भावजीच.

१० मार्च
फोन हातात घेतला. ठेवला.

१२ मार्च
शेवटी भावजींच्या घरी गेले. उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मेलेल्या माणसाची चेष्टा करता? दादा पुरुष होता, वहिनी."

"हो. अडतीस वर्षं माझ्या लक्षात होतं."

फाइल पुढे ठेवली. त्यांनी उघडली नाही. म्हणाले, "मला बायकांच्या रांगेत बसवणार?" मी म्हटलं, "तुमचे दादा बसले. शेजारी बसलेल्या बाईचं स्वेटर धरून ठेवायचे, ती आत गेली की." त्यांनी टीव्ही लावला. मी निघाले. शपथ मोडली ती मोडलीच, वर उपयोग शून्य.

१५ मार्च
सकाळी भावजींचा फोन. "वहिनी, मला गाठ आहे. तीन वर्षं झाली. तेव्हाच दादाला दाखवली होती. तो म्हणाला, 'मलाही आहे, काही होत नाही. घरात बोलू नकोस.'"

मला यांनी सांगितलं ते त्यानंतर वर्षाने. "काल हाताला लागली," म्हणाले होते.

सोमवारी दहाची वेळ घेतली. भावजींसोबत मी जाणार. फोन ठेवून दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या.