अनुताईचा घास

१४ एप्रिल, रविवार
श्री गजानन प्रसन्न. टौरंगाहून बसने निघून अकराच्या सुमारास रोटोटुनात सुखरूप पोचले. अनुताईचं घर अगदी टुमदार! अंगणात फिजोआच्या हिरव्या फळांचा सडा. शेजारीण किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणत आली आणि तिच्याकडचेही पिशवीभर देऊन गेली. पैसा न खर्चता मुरंबा होईल.

ताईला जाऊन दोन महिने झाले. मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून माझं, धाकट्या बहिणीचं नाव. मॅट्रिक झालेल्या बाईवर केवढा हा भरवसा! वकील नितीशने समजावलं, की घरातल्या वस्तूंची यादी करायची, वीज-पाणी बंद करायचं, ज्याचं त्याला द्यायचं. आधी नाही म्हणता आलं असतं, पण कोर्टाचा कागद हाती आल्यावर काम अर्ध्यात टाकता येत नाही. वर म्हणतो, काकू, हिटर खुशाल लावा, ताई काही बिल मागायला येणार नाहीत. मी शालीवर भागवलं.

नऊ दिवसांत उरकून परत जायचंय. सूनबाईचे, स्वरदाचे दिवस महिनाअखेरीस भरतात. पहिलं नातवंड.

१५ एप्रिल
भांडी, चादरी, देव लिहून झाले. कपाटाच्या तळाशी पाच कुंच्या सापडल्या. पिवळ्या, हाताने शिवलेल्या, हिरवे गोंडे. एकही वापरलेली नाही. ताईला मूल झालं नाही. घर विकून पैसा मंदिराला द्यायचा, एवढंच मृत्युपत्रात आहे. कुंच्यांचं काही लिहिलेलं नाही. यादीत पेन्सिलीने मांडल्या.

१७ एप्रिल
ताईच्या दहाव्याला गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला होता. या देशात कावळे दिसत नाहीत, गुरुजी तरी काय करणार. पण माझ्या मनाला पटलं नव्हतं. आज मागच्या डेकवर ताटलीत दहीभात ठेवला. मैना आल्या, बघून गेल्या. मग सीगल उतरला. हा पक्षी माणसाच्या हातातले चिप्स ओढतो. ताटलीपाशी आला आणि पाठ करून उभा राहिला.

गावी करतात तसं हात जोडून सांगितलं, मंदिराचे पैसे पोचवीन. हलला नाही. देव माझ्याकडे नेईन म्हटलं. नाही.

१९ एप्रिल
तिसरा दिवस. भात रोज वाया. सुचेल ते सगळं कबूल करून झालं. शेवटी वैतागून म्हटलं, ताई, तुला जे हवं ते मिळेल, मी सही केली आहे ना.

पाखरांनी ताटली झाकली. एक शीत उरलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी दिवा लावताना आईचं आठवलं. गेलेल्याला एकच गोष्ट कबूल करावी, नाव घेऊन. मोघम शब्द देऊ नये.

२१ एप्रिल
स्वरदाचा फोन. हसत होती. दुपारी डोळा लागला तर अनुमावशी स्वप्नात आल्या म्हणाली, शेजारी बसल्या, पोटावर पिवळी कुंची धरून बघितली आणि म्हणाल्या, बरोबर बसेल.

कुंच्यांबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

मोजल्या. चार.

२२ एप्रिल
भात ठेवला. शब्द परत घेतला. म्हटलं, बाळ नको गं ताई, मला ने. सीगल पाठ करून उभा. मैना वायरीवर, गप्प.

नितीशला विचारलं, हे काम सोडता येईल का. हसला. आता कसं सोडता काकू, शेवटचं ज्याचं त्याला पोचलं की मोकळ्या.

यादीतल्या कुंच्या खोडरबराने पुसल्या. त्याने काय होणार.

२३ एप्रिल
पहाटे स्वरदाला दवाखान्यात नेलं. सुशील म्हणाला, आई, काळजी नको, सगळं नॉर्मल आहे. माझी बस साडेदहाची. पिशवी दारात.

आज भात केला नाही. ताटली घासून ओट्यावर पालथी घातली. जप — कितवा मणी, लक्षात राहत नाही —

फोन वाजतोय. सुशीलचाच.

डेकवर पंखांचा आवाज — कठडा भरलाय — मैना, सीगल, सगळे एकाच जागी चोची मारताहेत — तिथे तर काहीच नाही, मी आज भात —