मुलीला आपल्याच गाडीतून सोडणार

सोमवार, ३ जून. सकाळी.
मुलगी रविवारी हॉस्टेलला जाणार. घर सोडून पहिल्यांदाच. तिला आपल्या गाडीतून सोडणार, असं काल जेवताना जाहीर केलं. बायकोने विचारलं, गाडी तिथवर पोचेल का? सेकंडहँड गाडी घेतल्यापासून तिचा सूर हाच. सिग्नलला थांबलं की इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरतं आणि आतून हवा सुटल्यासारखा सीसी आवाज येतो, एवढंच. मेहुणा म्हणाला, गॅरेजला दाखवा. ज्यांना डोकं नसतं त्यांच्यासाठी गॅरेज असतं. मेहुण्याने जरूर जावं.

दुपारी.
व्हिडिओ पाहिले. निदान पक्कं: व्हॅक्यूम लीक. कुठलातरी रबरी पाइप चिरलाय आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढतंय. आठवडाभर रजा टाकली.

मंगळवार, ४ जून.
चालू इंजिनच्या एकेका पाइपवर स्प्रे मारायचा. जिथे आवाज बदलेल तिथे चीर. तो खास स्प्रे घरात नव्हता, मुलीने हॉस्टेलसाठी आणलेला डिओ होता. आवाज सगळीकडेच बदलला. म्हणजे तपासणी सखोल झाली. मुलीने विचारलं, उशी-चादर घ्यायला येतोस का? म्हटलं, उद्या. डिओचं अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, ५ जून.
सगळे पाइप काढून धुतले. काढण्याआधी फोटो घ्यावेत, अशी बायकोची सूचना. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, असं तिला कळवलं. उशी-चादर आणायला मायलेकीच गेल्या.

गुरुवार, ६ जून.
पाइप परत बसवले. एक उरला. कंपन्या उगाच जास्तीचे लावतात. सीसी आवाज साफ बंद. इंजिनही सुरू होत नाही, पण तो वेगळा विषय.

शुक्रवार, ७ जून.
बायकोने मला न विचारता मेकॅनिक बोलावला. उरलेला पाइप त्याने वाकवून दाखवला. चीर त्यातच. मीही त्याच निष्कर्षावर येत होतो, वेळ कमी पडला. बाकीचे त्याने जागच्या जागी लावून दिले. नवा पाइप मंगळवारी मिळेल, तोवर गाडी लांब नेऊ नका, म्हणाला. धंदेवाईक बोलणं.

शनिवार, ८ जून.
चीर चिकटपट्टीने गुंडाळली, पाइप बसवला. इंजिन सुरू! मुलीला बोलावून ऐकवलं. छान, म्हणाली. मग तिने पत्ते खेळायला बोलावलं. पण माझे हात काळे होते.

रविवार, ९ जून. सकाळी.
ऐटीत निघालो. फाटकाशीच पट्टी सुटली, इंजिनने आचके दिले आणि मान टाकली. मेहुणा लगेच गाडी घेऊन हजर. त्याला कोणी तयार ठेवलं होतं ते मी विचारलं नाही. मुलीने बॅग मांडीवर घेऊन माझ्यासाठी जागा केली. "बाबा, बस ना," म्हणाली. मेहुण्याच्या गाडीत बसून माझ्या मुलीला सोडायला जायचं? म्हटलं, व्हा पुढे, मी आपली गाडी घेऊन मागोमाग येतोच.

संध्याकाळी.
मुलीचा फोन. खोली लावून झाली. आई आणि मामा निघायचं म्हणतायत, तिने थांबवून ठेवलंय.
"बाबा, कुठपर्यंत आलास?"
फाटकापर्यंत, असं सांगवेना. येतोय, म्हटलं.
"सावकाश ये. मी गेटवर उभी राहते."
फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.