टँकरवरील कमळे खरडून काढणेबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जालना.

अर्जदार : कचरू रामराव देठे, पेंटर, वाटूर फाटा, ता. परतूर.

विषय : तेजाबाच्या तीन टँकरांवर अर्जदाराने काढलेली कमळे खरडून धोक्याच्या पाट्या उघड्या करणेबाबत.

संदर्भ : दि. १७ नोव्हेंबर १९९९ रोजी फाट्याजवळ उलटलेला टँकर व अर्जदाराच्या पत्नीचा डावा पाय.

महोदय,

१. अर्जदार वीस वर्षांपासून गाड्या रंगवतो. दसऱ्याच्या पूजेआधी गाडी सजवण्याची रीत आपणास ठाऊक आहेच. यंदा चार टँकर आले. मागच्या पाटीवर इंग्रजी मजकूर आणि झिजत चाललेल्या हाताचे चित्र. अर्जदाराला वाटले, कोण्या अडाण्याला हात काढता येत नसावा! ड्रायव्हर म्हणाला, कंपनीची पाटी आहे, राहू द्या. पण "सणाला थोटा हात शोभत न्हाई, मंग पूजा कशाची करून राह्यले?" असे म्हणून अर्जदारानेच चारही पाट्यांवर कमळे काढली.

२. पैकी एक टँकर दि. १७ रोजी उलटला. ड्रायव्हर पळाला. तेलासारखे दाट काहीतरी रस्त्यावर वाहू लागले. धोक्याची पाटी नाही, वर कमळ, हे पाहून लोकांना ते गोडेतेल वाटले व बायका बादल्या घेऊन धावल्या. त्यांना अडवायचे सोडून अर्जदार, टँकर आपणच रंगवल्याचे ऐटीत सांगत होता. तोच एक बादली फसफसली, धूर निघाला. अर्जदाराने शहाणपणा करून त्यावर घागरभर पाणी ओतले. ते उकळून उडाले आणि सर्वांच्या पुढे असलेल्या द्वारकाबाईच्या, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीच्या, पायावर पडले.

३. दीड तासाने अग्निशामक दल आले. त्यांच्या साहेबांनी आधी तिचा पाय हापशाखाली धरवला, मग कमळ खरडले. खाली लिहिलेले निघाले : तेजाब आहे, पाणी टाकू नये. "हे कोण्या शहाण्याने झाकले?" असे त्यांनी विचारले असता अर्जदाराने "कोण जाणे" म्हणून मान हलवली. गावाने अब्रू राखली, कोणी तोंड उघडले नाही. सदर "कोण जाणे" अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

४. द्वारकाबाईला अजून पाय टेकवत नाही. "तुमचं कमळ बराबर उमटलं माझ्या पायावर," असे ती रोज ऐकवते. अर्जदार गुपचूप भाकरी थापतो. भाकऱ्याही बिघडतात.

५. उर्वरित तीन टँकर कोठे फिरतात ते अर्जदारास माहीत नाही. नंबर लिहून ठेवले नाहीत, पाकळ्या तेवढ्या मोजल्या आहेत. इतर पेंटर आठ काढतात, अर्जदाराच्या नऊ. तरी जिल्ह्याच्या नाक्यांवर असे टँकर थांबवावेत. अर्जदार बोलवाल तेथे एस.टी.ने येऊन खरडून देईल. पाट्या मराठीतही लिहिण्याचा हुकूम व्हावा. येत्या दसऱ्याआधी पेंटर लोकांना बोलावून कोणत्या चित्राला हात लावायचा नाही ते शिकवावे. अर्जदार पहिल्या रांगेत बसेल.

साहेब, शिक्षा जी काय असेल ती सावकाश द्या, टँकर मात्र जल्दी शोधा. कमळ दिसले की लोक बिनघोर जवळ जातात. अर्जदाराची बायकोच गेल्ती.

आपला कसूरवार,
कचरू रामराव देठे
दि. २९ नोव्हेंबर १९९९

सोबत : नऊ पाकळ्यांच्या कमळाचा नमुना, रंगीत. (कृपया कार्यालयात कोठेही लावू नये.)