आमचुराचा लेप

आई,

परवा इथे दिल्लीत, आमच्या द्वारकेच्या घरी बाल्कनीतल्या कुंड्या हलवताना तुझ्या नातीला कोळी चावला. मनगटावर लाल गांधी, थोडी सूज, थोडी आग. डॉक्टर म्हणाले, बर्फ लावा, दोन दिवसांत उतरेल. निघताना त्यांनी हसत विचारलं, "घर पे अमचूर तो नहीं लगाया?" मी नाही म्हटलं, आणि लेकीला घेऊन घरी आले.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये कुणाच्या अंगावर फोड उठले की शेजारच्या आंटी सांगायच्या, मकड़ी फिर गई, अंगावरून कोळी फिरला. मग आमचूर पाण्यात कालवून लावायचा. हे तू त्यांच्याकडून शिकलीस आणि लवकरच त्यांच्याहून पटाईत झालीस. एका बाजूला फोडांचा पट्टा उठला तर ती नागीण, हे तू माहेरी पाहिलेलं; पण दिल्लीत आल्यावर दिल्लीचंच औषध तुला पटलं. मला वाटी-चमचा देऊन तू कंपाउंडर करून टाकलंस.

मग तुझ्याच कपाळावर फोड आले. फक्त उजवीकडे, भुवईपासून केसांपर्यंत. मी कॉलेजात होते, बाबा ऑफिसच्या टूरवर. सकाळी मी लेप लावला. दुपारी तू म्हणालीस, डोळा ठणकतोय, दवाखान्यात येतेस का. मला मैत्रिणीबरोबर करोल बागेत कपडे घ्यायला जायचं होतं. मी म्हटलं, "आई, कोळीच तर आहे. उद्या जाऊ." उद्याचे तीन दिवस झाले. तू पुन्हा विचारलं नाहीस.

बाबा आले ते तुला घेऊन तडक दवाखान्यात गेले, मीही गेले. नागीण होती, डोळ्यापर्यंत पोचलेली. डॉक्टर चिडले, इतने दिन क्या कर रहे थे? मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "मैंने घर में किसी को बताया ही नहीं." तो डोळा शेवटपर्यंत धूसर राहिला. सुईत दोरा ओवायला तू मला हाक मारायचीस, पण त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. एकदा तरी रागवायचं होतंस गं.

बाबा आता माझ्याकडेच असतात. हे सगळं खरं तर त्यांना सांगायला हवं, आणि मी लिहितेय तुला. काल नातीचं मनगट बघत ते म्हणाले, "बरं केलंस लगेच सांगितलंस. तुझी आजी हट्टी. दुखणं लपवलं आणि डोळा घालवून बसली."

मी तिथेच मटार सोलत होते. म्हटलं, "हो ना, हट्टीच होती."