तापमान झालं, दाब तेवढा राहिला

१८ सप्टेंबर २०१७, सकाळी ६
घाटंजीजवळच्या वस्तीतल्या विहिरीचा रिपोर्ट परवा आला. पाण्यात कीटकनाशक. बोंडअळीपायी यंदा फवारण्या दुप्पट, आणि पंप धुतात विहिरीच्या काठावर. कॉलेजात सगळे हळहळले. मार्ग फक्त मला दिसला. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर नेऊन हवेच्या ७३ पट दाबाखाली ठेवला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव राहत नाही. पाण्यातलं विष ओढून घेतो. ऑक्टोबरात यवतमाळ ३५ अंश फुकट देतं. म्हणजे अर्धं काम झालंच.

१९ सप्टेंबर
कुंदा म्हणाली, आधी विहिरीवर पाटी लावून या, पाणी पिऊ नका म्हणून. पाटी कुणीही लावेल. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाची बायको असून ही दृष्टी!

२३ सप्टेंबर
वस्तीवर गेलो. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून सरपंच बाबारावांनी टँकर मंजूर करून आणलेला. टँकर म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. मी लेटरहेडवर लिहून दिलं: पंधरा दिवसांत विहीर शुद्ध होईल, टँकरची गरज नाही. टाळ्या पडल्या. विहिरीसमोर राहणारी धनीबाई शेतात तण काढायला, निंदणाला जाते. तिने विचारलं, तवर कोन्तं पानी प्यावं सर? उकळून प्या म्हणालो.

२४ सप्टेंबर
उकळून कीटकनाशक जात नाही, हे अंघोळ करताना आठवलं. फर्स्ट इयरला मीच शिकवतो. पण प्रश्न पंधराच दिवसांचा. फोन केला नाही.

१ ऑक्टोबर
सोडावाल्याकडून सिलिंडर मिळाला. भांडं वेल्डरकडून. तो म्हणाला, हे फुटलं तं तुमी बी फुटान. भित्रा माणूस. दाब २० पट होताच वॉशर उडाला. ७३ पैकी २० म्हणजे २७ टक्के. पास व्हायला आठच कमी.

६ ऑक्टोबर
भांड्यात दीड लिटर पाणी मावतं. विहिरीत किती आहे, ते मोजायचं टाळलं. उगाच मनोबल खचतं.

९ ऑक्टोबर
बाबारावांचा फोन. धनीबाईला उलट्या, यवतमाळला सरकारी दवाखान्यात आणलंय. फवारणीमुळे असेल, म्हणालो. ते म्हणाले, धनीबाई फवारणीले जातच नाही सर. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

११ ऑक्टोबर
दवाखान्यात गेलो. धनीबाईच्या हाताला सलाईन. मला पाहून उठायला लागली. म्हणाली, माहीच चूक झाली सर, लाकडं ओले होते, पानी बराबर उकळलं नसन.
मी म्हणालो, हो, नीट उकळायला हवं.
घरी आल्यावर जेवलो नाही. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

१२ ऑक्टोबर
बाबाराव पुन्हा तहसीलमध्ये टँकर मागायला गेले. तिथे सांगितलं, नको म्हणून सरांनीच लिहून दिलंय, आता पाहिजे म्हणूनही त्यांनीच द्यावं. लिहून दिलं. पाणी पिण्यास अयोग्य आहे, टँकर त्वरित सुरू करावा. पाच मिनिटं लागली. यातलं एक अक्षरही असं नाही, जे मला अठरा सप्टेंबरला सकाळी सहा वाजता माहीत नव्हतं.