काही लागलं तर सांगा, असं म्हणणाऱ्यांना वाटणी

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा शिवणकाम (पायाने मशीन चालत होतं तोवर), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि दोन कप चहा घेऊन लिहून देत आहे. कमरेखालचं शरीर माझं ऐकत नाही, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्या नणंदेला याबद्दल शंका असल्यास तिने ती माझ्या तोंडावर बोलून दाखवावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असल्यास ते रद्द.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. मी म्हटलं, माझं उद्या सकाळी सात वाजता लागू होईल. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी असं ठरलं की माझ्या वस्तू मी गेल्यावर वाटायच्या, आणि मला आत्ताच वाटून घ्यायचं.

कारण नमूद करते. माझी मुलगी बारा वर्षांची असल्यापासून मला उठवते, आंघोळ घालते, औषधं देते आणि मग शाळेत उशिरा पोचून बोलणी खाते. गेल्या मंगळवारी ती अठरा वर्षांची झाली. वाढदिवसाला तिने स्वतःलाच एक भेट दिली: माझ्या खुर्चीच्या चाकांत नव्या बेअरिंग बसवल्या. खुर्ची अशी पळायला लागली की दुसऱ्याच दिवशी, ती दळण आणायला गेली असताना, मी एकटी स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा खालचा खण उघडला. तिथे थर्मामीटरखाली पत्र होतं. तंत्रनिकेतनात तिला प्रवेश मिळालेला, वसतिगृहासकट, दुसऱ्या शहरात. त्याला तिचं उत्तरही लिहून तयार होतं: घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही.

ती घरगुती अडचण मी. उत्तराचे तुकडे करून मी टाचण्यांच्या उशीत भरले आहेत. ते कुणीही बाहेर काढू नयेत.

आता वाटणी. माझ्या मापांच्या वहीत, शेवटच्या पानांवर, गेल्या सहा वर्षांत ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाची नोंद आहे. म्हणून हक्काने सांगते.

कलम १. माझा भाऊ. हे वाक्य एकूण अकरा वेळा, त्यांपैकी चार वेळा दारातूनच, चप्पल न काढता. रोज व्यायामशाळेत लोखंड उचलतो आणि त्याचे फोटो आम्हाला पाठवतो. त्याला मी माझं वजन देते. रोज सकाळी सात वाजता मला पलंगावरून खुर्चीत ठेवायचं. मी गेल्यावर बाबांचा रेडिओ त्याचा, ज्यावरून तो माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हता. तो रेडिओ वाजत नाही, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

कलम २. माझी नणंद. मुलगी माझी वेणी नीट घालत नाही, असं तिचं सहा वर्षांचं म्हणणं आहे. तिला मी माझे केस देते, गुंत्यासकट. मंगळवार आणि शुक्रवार, आंघोळीसह. माझी मोठी कात्री पुढे तिचीच. तिने माझ्या चुण्यांना एका लग्नात वाकड्या म्हटलं होतं, ते मी माफ करते. चुण्या सरळ होत्या.

कलम ३. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बसड्रायव्हर. पस्तीस वर्षांत बस एक मिनिट उशिरा नेली नाही, असं ते सगळ्या जिन्याला ऐकवतात. दुपारी तीनची गोळी त्यांच्याकडे.

कलम ४. घर मुलीचं. ते आधीच बक्षीसपत्राने तिला दिलं आहे, सबब या कागदात येत नाही.

कलम ५. मुलीच्या शाळेच्या बाई सांगतात की त्यांच्या एकाच शाळेत घरचं आजारी माणूस सांभाळणारी अशी सात मुलं आहेत: कुणाचे आजोबा, कुणाचा भाऊ, कुणाची माझ्यासारखी आई. दर शनिवारी दोन ते पाच माझी पुढची खोली त्यांची. शिलाई मशीन, पंखा, गाद्या सगळं वापरावं, हवं तर नुसतं झोपावं. त्या वेळात आजारी माणसाला आत प्रवेश नाही, मलाही नाही. तिथे कुणालाही ‘आई कशी आहे?’ असं विचारायचं नाही. माझ्या मुलीला सहा वर्षं सगळ्यांनी तेवढंच विचारलं. मीसुद्धा तिला ‘तू कशी आहेस’ म्हणून विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

हे सगळं काल सर्वांसमोर वाचून दाखवलं. भावाने डोकं खाजवलं आणि हो म्हटलं. नणंद म्हणाली, तेल मात्र ती तिचंच आणणार. मुलगी तेवढी भिंतीला टेकून उभी होती.

“आणि तू पडलीस तर?”

“मामा उचलेल. यायला उशीर झाला तर पडून राहीन. छताला किती तडे गेलेत, ते कधीचं मोजायचंय मला.”

“आई, मस्करी नको.”

मस्करी नव्हती. मला भीती वाटते. ती गेल्यावर घर कसं वाटेल, हे मला माहीत नाही. हे वाक्य वकीलसाहेबांनी खोडू नये.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, असं वकीलसाहेबांनी सहज बोलता बोलता सांगितलं. ते ऐकून मी खुर्चीत जवळजवळ नाचले. म्हणून दुसरी साक्षीदार माझी मुलगी. माझं वजन, माझे केस, माझ्या गोळ्या, माझे हट्ट, यांतलं काहीही तिच्या वाट्याला येणार नाही. कायद्यानेच नाही.

स्थळ: पुढची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी.

लिहून देणार: आई (सही)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा चावीवाला, ज्याने वरील तिघांसाठी दाराच्या तीन चाव्या केल्या (सही)

साक्षीदार २: मुलगी (सही)
वरील मजकूर वाचला. कलम ३ मध्ये चूक आहे. गोळी तीनची नाही, सव्वातीनची, आणि आधी काहीतरी खायला द्यायचं, ती नको म्हणाली तरी. बाकी मान्य.